मीडियाच्या वर्गासाठी चित्रपटाची पहिली दोन मिनिटं बनवायची आहेत. संशोधन आणि नियोजन कुठून सुरू करू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यात मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला आहात. चौघांच्या गटाने एका कल्पित चित्रपटाची सुरुवातीची दोन मिनिटं नामावलीसकट करायची आहेत. संशोधन आणि नियोजन यांना वेगळे मार्क आहेत. गोष्ट अशी, की आजोबा गेल्यावर पुण्यात नोकरी करणारी नात साताऱ्याला परत येते. आणि गटातल्या दोघांना कासच्या फुलांवर ड्रोन उडवून सुरुवात करायची आहे.

मी सांगलीत एडिटिंगचं काम करते आणि अशी दोन-दोन मिनिटं घेऊन येणारी मुलं दरवर्षी माझ्याकडे बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कासचं. फुलं साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतात. 2012 साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात हे पठार आहे. तिथे प्रवेशावर मर्यादा आहे आणि ड्रोन उडवायचा तर परवानगीशिवाय जमणार नाही. पण समजा सगळं मिळालं, तरी माझा सल्ला नको असाच आहे. तुमची नायिका पठारावर जातच नाही. पहिल्या वीस सेकंदांत फुलं दाखवली की बघणारा पर्यटनाची जाहिरात बघायला बसतो, आणि मग आजोबा गेल्याचं दुःख त्याच्यापर्यंत पोचवायला तुम्हाला पुढची चाळीस सेकंदं खर्चावी लागतात. तुमच्याकडे एकूण 120 आहेत.

संशोधन म्हणजे दहा चित्रपटांच्या सुरुवाती बघून प्रत्येकावर अर्धं पान लिहायचं, असं बहुतेक मुलं धरून चालतात. ते करा, पण दोनच घ्या आणि नीट करा. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा डोळे मिटून नुसतं ऐका. मग वहीत चार रकाने आखा: किती सेकंद झाले, काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि या क्षणाला मला काय कळलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘शोले’ (1975) घ्या. आगगाडी स्टेशनात येते, एक माणूस उतरतो, त्याला न्यायला आलेल्या माणसाबरोबर घोड्यावरून निघतो आणि त्या वाटेवर नावं येत राहतात. नावं संपेपर्यंत स्टेशनापासून ते घर किती लांब आणि किती एकाकी आहे, हे एकही शब्द न बोलता आपल्याला कळलेलं असतं. ‘सैराट’ (2016) क्रिकेटच्या मैदानावर सुरू होतो. कॉमेंट्री ऐकता ऐकता गावात कोणाचा शब्द चालतो तेही उमगतं. दोन्हीकडे नामावली किंवा करमणूक चालू आहे असं वाटतं, आणि तेवढ्यात जागा आपल्या अंगात उतरते.

यातूनच दुसरं संशोधन निघतं, जे जवळजवळ कोणी करत नाही. जागेचं. माझं तर म्हणणं आहे की खरं संशोधन तेच.

आमचं सांगते. 2012 च्या हिवाळ्यात आम्हाला हेच काम होतं. आम्ही रहस्यकथा लिहिली होती: रात्र, जुना बंगला, करकरणारं दार, हातमोजे घातलेला हात, सुरा. वर्गातल्या सहा गटांपैकी चार गटांकडे हातमोजे होते. शिक्षिकेने कागद परत केला आणि एवढंच म्हणाल्या, “सांगलीत राहता ना? मग सांगलीतलं काहीतरी दाखवा.” आम्ही चिडून हरिपूरला गेलो. कृष्णा-वारणेच्या संगमाशी जरा बसू आणि दुसरं काही सुचतंय का बघू, एवढाच विचार होता.

हरिपूर हळदीच्या पेवांसाठी ओळखलं जातं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत घागरीसारखं पसरत गेलेलं. तिथल्या घट्ट मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात पाणी आत शिरलं, मालाची नासाडी झाली आणि बरीचशी पेवं पुढे वापरातून गेली. हे आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, पण तोंड उघडलेलं पेव एकीनेही पाहिलं नव्हतं. पेवांत आयुष्य घालवलेले एक आजोबा तिथे भेटले. मी विचारलं, आत उतरताना भीती नाही वाटत? ते म्हणाले, “आदी तोंड उघडून ठेवायचं. मग कंदील सोडायचा दोरीनं. त्यो इझला तर मानूस उतरत न्हाई.”

बंद कोठारात प्राणवायू कमी झालेला असतो आणि ज्योत ते माणसाआधी सांगते. पण मला त्या क्षणी हे शास्त्र सुचलं नाही. मला दिसली अंधारात खाली खाली जाणारी ज्योत, आणि वर काठावर वाकून बघणारे चेहरे. आमच्या चित्रपटाची सुरुवात सापडली होती. बंगला, सुरा, हातमोजे सगळं तिथेच सुटलं. रहस्य तेच राहिलं, फक्त प्रश्न बदलला: कंदील विझेल का, आणि विझला तर खाली असं काय आहे?

आता तुमची गोष्ट त्याच रीतीने बघा. नात परत येते. कशाने? पहाटेच्या एसटीने आली तर स्टँडवर त्या वेळी काय ऐकू येतं? रेल्वेने आली तर सातारा स्टेशन शहरापासून दूर, माहुलीकडे आहे. म्हणजे उतरल्यावर तिच्यासमोर दोन वाटा आहेत: घर, किंवा कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचा घाट. ती घरी जाण्याआधी संगम माहुलीला गेली तर? पायऱ्या, जुनी मंदिरं, समाध्या, आणि ऑफिसची बॅग पाठीला लावलेली एक मुलगी. ती इथे का आली हे दोन मिनिटांत सांगूच नका. हे मी सुचवतेय म्हणून घेऊ नका. चौघं पहाटे साडेपाचला तिथे जा, तासभर थांबा, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, ऊन कुठल्या पायरीवर किती वाजता येतं ते लिहून ठेवा. तारखेसह काढलेले हे फोटो आणि नोंदी हाच तुमच्या संशोधनाचा पुरावा. मार्क देणाऱ्याला इंटरनेटवरून उतरवलेला मजकूर लगेच ओळखू येतो.

स्टँडवर कॅमेरा काढायचा असेल तर आगारात आधी कॉलेजचं पत्र द्या. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शूटिंग करू नका. घाटावर कोणाचे विधी चालू असतील तर कॅमेरा बंद ठेवा, यात काही सवलत नाही.

नियोजनात मुलं हमखास विसरतात ती नामावली. सांगितलेली असते, पण एडिटिंगच्या शेवटच्या रात्री कशीबशी चिकटवली जाते. हिशेब करा: निर्मिती संस्था, कलाकार, चित्रपटाचं नाव, संगीत, संकलन, छायाचित्रण, लेखन, निर्माता आणि शेवटी दिग्दर्शक. दहा-बारा पाट्या होतात. प्रत्येक पाटी निवांत वाचून व्हायला तीन सेकंद लागतात. म्हणजे 120 पैकी तीस-छत्तीस सेकंद पडद्यावर अक्षरं असणार. मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं कागदावरचं चित्र, काढतानाच प्रत्येक चौकटीत नाव कुठे येणार ती जागा मोकळी सोडा. आकाश, भिंत, बसची काच, काहीही. अक्षरं देवनागरीत ठेवा आणि युनिकोड फॉन्ट घ्या. एडिटिंगसाठी प्रीमियर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांट्या भलतीकडे जातात. अशी फुटलेली नावं बघून मला फार वाईट वाटतं, कारण ती तुमचीच नावं असतात.

स्टोरीबोर्ड झाला की चित्रांचे मोबाईलवर फोटो काढा, ठरवलेल्या सेकंदांप्रमाणे ओळीने लावा आणि त्याखाली जागेवरून आणलेला खरा आवाज टाका. याला ॲनिमॅटिक म्हणतात. एका संध्याकाळचं काम आहे. आमचं पहिलं ॲनिमॅटिक तीन मिनिटं दहा सेकंदांचं झालं होतं. काय कापायचं हे कागदावरच ठरलं, त्यामुळे शूटिंगचा एक अख्खा दिवस वाचला.

ते ॲनिमॅटिक वर्गाबाहेरच्या पाच माणसांना दाखवा: शेजारच्या काकू, मेसवाले, कोणीही. “आवडलं का?” असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. “पुढे काय होईल असं वाटतं?” एवढंच विचारा आणि उत्तर जसंच्या तसं लिहून घ्या. पाचही जणांनी एकच उत्तर दिलं तर सुरुवात फार सोपी झाली आहे. कोणालाच काही सुचलं नाही तर फार झाकलेली आहे. ‘तुम्हाला कोणत्या प्रकारचे चित्रपट आवडतात’ छापाच्या गूगल फॉर्मपेक्षा हे कितीतरी उपयोगी पडतं.

मोबाईलवर शूट करत असाल तर सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर (एका फ्रेमसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) 1/50 सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजेड) लॉक करा, म्हणजे ते मधेच आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक ठिकाणी सगळ्यांनी गप्प राहून मिनिटभर त्या जागेचा नुसता आवाज घ्या. आम्ही तो घेतला नव्हता, आणि एडिटिंग करताना दोन शॉटच्या मधे कानाला खड्डे जाणवत राहिले.

पेवात मात्र आम्ही उतरलो नाही, आणि अशा कुठल्याही बंद जागेत तुम्हीही उतरू नका. काठावरचे शॉट हरिपूरला घेतले. आतला शॉट मैत्रिणीच्या जुन्या वाड्यातल्या जिन्यात केला: भिंतींना गोणपाट लावलं, वरून कंदील सोडला, कॅमेरा खाली जमिनीवर ठेवून वर रोखला. कच्चं एडिट झाल्यावर लॅपटॉप घेऊन त्याच आजोबांकडे गेलो. त्यांनी पूर्ण बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं आणि म्हणाले, “पोरी, एवढ्या घाईनं सोडत न्हाईत दोरी. हाताला कळाय पायजे.” मग उठून, हातात दोरी नसताना, दोन्ही हातांनी ती कशी सोडतात ते त्यांनी करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही तो शॉट पुन्हा घेतला. अकरा सेकंदांचा होता तो तेवीस सेकंदांचा झाला, आणि चित्रपटाचं नाव त्याच दोरीशेजारी बसलं.