आम्हाला फ्रेंच येत नाही. इमर्शनमधल्या मुलाचं दशांश-अपूर्णांकांचं गणित घरी कसं घ्यायचं?

तुमचा मुलगा कॅनडातल्या कॅलगरीत फ्रेंच इमर्शनच्या (घरी फ्रेंच नसलेल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांच्या) पाचवीत आहे. घरी मराठी, मित्रांत इंग्रजी आणि गणित फ्रेंचमधून. चौथीपर्यंत छान चाललं होतं, पण दशांश, अपूर्णांक आणि टक्केवारी सुरू झाल्यापासून गुण घसरले, आणि त्याला इंग्रजी वर्गात हलवावं का, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी याच शहरात याच वाटेने गेली, आता आठवीत आहे. माझं स्पष्ट मत: केवळ या तीन धड्यांपायी हलवू नका. आधी एवढंच शोधा की त्याला शब्द अडतोय की कल्पना अडतेय. वहीत दोन्हींवर सारखीच लाल फुली येते, म्हणून आपण घाबरतो.

मला हे एका चाचणीच्या कागदावरून कळलं. मुलीच्या दोन उत्तरांवर फुल्या होत्या. पहिल्यात मादामनी (इथे बाईंना मुलं मादामच म्हणतात) तोंडी आकडा सांगितला होता: 'झेरो व्हिर्ग्यूल स्वासांत-कँझ'. हिने लिहिलं ०,६०१५. 'व्हिर्ग्यूल' म्हणजे स्वल्पविराम, फ्रेंचमध्ये दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी तोच देतात. 'स्वासांत' म्हणजे साठ, 'कँझ' म्हणजे पंधरा, आणि फ्रेंचमध्ये साठ-पंधरा मिळून पंच्याहत्तर होतात. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, सत्त्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-सात. पूर्ण संख्यांत ती हे सहज करायची, पण स्वल्पविराम आला की कान आणि हात यांचा मेळ सुटायचा. दुसऱ्या प्रश्नात ०,२५ आणि ०,३ यांतली मोठी संख्या कोणती असं विचारलं होतं. हिने ०,२५ ला गोल केला होता.

मी फ्रेंचला हात न लावता मराठीत विचारलं, "शंभराचे पाऊण किती?" "पंच्याहत्तर," ती लगेच म्हणाली. म्हणजे पहिली चूक नुसती ऐकण्याची. मग दुसरी विचारली, तर ती ठामपणे म्हणाली, "आई, पंचवीस मोठे ना तिनापेक्षा!" ही कल्पनेची चूक. ही इंग्रजी शाळेतली मुलंही करतात, मराठी शाळेतलीही करतात. वर्ग बदलून ती जात नाही.

पण फ्रेंचमध्ये ती जास्त चिवट होते, असं माझं निरीक्षण आहे. इंग्रजीत 'पॉइंट टू फाइव्ह' असे सुटे अंक वाचतात. फ्रेंचमध्ये 'व्हिर्ग्यूल व्हँत-सँक' म्हणजे 'स्वल्पविराम पंचवीस' असं अख्खं वाचायची सवय असते, आणि कानाला पंचवीस ऐकू आले की मुलाला पंचवीसच दिसतात. यावरचा उपाय फ्रेंचमध्येच आहे: 'व्हँत-सँक सांतिएम', पंचवीस शतांश, 'त्रवा दीझिएम', तीन दशांश. आपण शाळेत 'तीन पूर्णांक पाच दशांश' म्हणायचो ना, हुबेहूब तसंच फ्रेंचमध्ये 'त्रवा ए सँक दीझिएम' म्हणतात. घरी एवढाच नियम करा, की गृहपाठातला प्रत्येक दशांश तो असा पूर्ण नावाने मोठ्याने वाचेल. तुम्हाला फ्रेंच न येताही शेवटी 'दीझिएम' आलं की 'सांतिएम', हे कानाने तपासता येतं.

त्या संध्याकाळी मी टेबलावर एक क्वार्टर आणि तीन डाइम ठेवले. पंचवीस सेंट आणि तीस सेंट. तिने एकदा नाण्यांकडे पाहिलं, एकदा कागदाकडे, आणि स्वतःच ०,३ च्या पुढे शून्य लिहून ०,३० केलं. मी काही बोलले नाही. डाइम हा शब्द मूळचा फ्रेंच, 'दहावा भाग' या अर्थाचा, हे तिला सांगितल्यावर ते नाणं तिच्यासाठी कायमचं 'अँ दीझिएम' होऊन बसलं.

आता शब्दांकडे येते, कारण तुमच्या मुलाची निम्मी अडचण तिथे असावी. फ्रेंचमध्ये 'दीझेन' म्हणजे दशक आणि 'दीझिएम' म्हणजे दशांश. 'सांतेन' शतक, 'सांतिएम' शतांश. कानाला इतके जवळचे शब्द की घाईत मूल स्वल्पविरामाच्या चुकीच्या बाजूला जातं. शिवाय 'दीझिएम'चा अर्थ 'दहावा' असाही होतो, रांगेतला दहावा. इथे मराठी सरळ कामाला येते. दशक आणि दशांश या शब्दांत 'दश' एकच, पण 'अंश' म्हटलं की तुकडा, हे शब्दातच सांगितलेलं आहे. मी तिच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून दिले: डावीकडे एकक, दशक, शतक, उजवीकडे दशांश, शतांश, सहस्रांश. फ्रेंच शब्द तिने स्वतः शेजारी भरले. ते पान सहावी संपेपर्यंत टिकलं.

स्वल्पविरामाबद्दल मात्र सावध राहा, इथे माझ्या हातून चूक झाली आहे. पहिल्या आठवड्यात मी तिच्या वहीतले सगळे स्वल्पविराम खोडून टिंबं दिली. मला वाटलं, तिला लिहिताच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन घरी आली. फ्रेंच गणितात दशांशाला स्वल्पविरामच लागतो, हजारासाठी मोकळी जागा सोडतात, डॉलरचं चिन्ह रकमेच्या नंतर येतं आणि टक्क्याच्या चिन्हाआधीही जागा सोडतात: ४,५० $, १ ५००, २५ %. इंग्रजीत १,५०० म्हणजे दीड हजार, फ्रेंच वहीत तेच दीड. त्यात आमचे बाबा सांगलीहून व्हॉट्सॲपवर १,५०,००० असं लाखाच्या पद्धतीने लिहून पाठवतात. तीन घरचे तीन नियम आहेत हे मुलाला मोकळेपणाने सांगितलं की ते त्याला पेलतं. न सांगता एकाने दुसऱ्याचं खोडलं की ते भांबावतं. एक नमुना फ्रिजमध्ये रोज हाताशी असतो. दुधाच्या कार्टनवर एका बाजूला ३.२५ आणि दुसऱ्या बाजूला ३,२५ छापलेलं असतं, स्निग्धांशाचं प्रमाण तेच. कॅल्क्युलेटर टिंब दाखवतो, एवढंही आधीच सांगून ठेवा.

अपूर्णांकांसाठी तुमचं स्वयंपाकघर पुरेसं आहे. आम्ही घडीच्या पोळ्या करताना लाटी अर्धी दुमडायची, 'दमी', पुन्हा दुमडायची, 'कार', असं करत गेलो. अर्ध्याचा अर्धा पाव हे तिने हाताने दुमडून पाहिलं. छेदांचा गुणाकार तिच्या शाळेत पुढे आला तेव्हा तिला नवल वाटलं नाही. आपल्याकडे पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे रोजच्या बोलण्यातले शब्द आहेत. 'दीड' म्हणणारं मूल ३/२ हा एकापेक्षा मोठा अपूर्णांक पाहून बिचकत नाही. मात्र मराठीची मर्यादाही मी पाहिली आहे: तिसऱ्या हिश्शाला आपल्याकडे पावासारखा सुटसुटीत शब्द नाही, 'एक तृतीयांश' म्हणताना पुस्तकी वाटतं. फ्रेंचमध्ये 'तिएर' आहे, छोटा आणि रोजचा. मोजमापाच्या कपांमधला तो एक कप आमच्या घरी आजही 'तिएर'च आहे. तिथे फ्रेंच शब्दच घ्या, अडून बसू नका.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे पाठ होते. बाबांना त्यातलं बरंचसं येतं. एकदा व्हिडिओ कॉलवर मुलगी १३ चे तीन चतुर्थांश काढत होती. बाबा तिकडून म्हणाले, "पावणेदहा." ही खाली मान घालून गुणाकार करत राहिली, मग ९,७५ आलं. "आबा, तुम्ही कसं काढलंत?" त्यानंतर अर्धा तास दोघं त्यातच होते. पावणेदहा म्हणजे दहाला पाव कमी, हे तिला सांगावं लागलं, ते तिला माहीत नव्हतं.

टक्केवारीला मी सर्वांत कमी वेळ दिला, कारण 'पूर सां' म्हणजे शब्दशः 'शंभरासाठी', आणि आपला शेकडा तेच सांगतो. द.सा.द.शे. व्याजाची गणितं केलेल्या कुणालाही हे समजावता येतं. आपल्या अल्बर्टा प्रांतात विक्रीकर फक्त केंद्राचा ५ टक्के, म्हणून इथे सराव सोपा आहे. ८० डॉलरचं जॅकेट, २५ टक्के 'राबे', म्हणजे सूट. पाव गेला, ६० उरले. आता कर: शंभराला पाच, तर पन्नासला अडीच, दहाला अर्धा, मिळून तीन. ६३ डॉलर. दुकानाच्या रांगेत उभं राहून तोंडी करायचं आणि पावतीशी ताडून बघायचं. तिने एकदा आधी कर लावून मग सूट काढून पाहिली, तरी ६३ च आले. का आले, याचा तिने दोन दिवस विचार केला.

तुम्हाला फ्रेंच येत नाही याची लाज किंवा भीती बाळगू नका. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सँ-लांबेरमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून इमर्शनचा वर्ग सुरू करवला, तो घरी फ्रेंच नसलेल्या मुलांसाठीच. घरी फ्रेंच नसणार हे या पद्धतीत धरलेलंच आहे. मुलाला तुमचा शिक्षक होऊ द्या: प्रश्न तो फ्रेंचमध्ये वाचेल, तुम्हाला मराठीत सांगेल, सोडवेल मराठीत किंवा इंग्रजीत, आणि उत्तराचं वाक्य पुन्हा फ्रेंचमध्ये लिहील. भाषांतर करताना तो जिथे थबकतो, तिथे शब्द अडलाय. घडाघडा सांगतो आणि मग थबकतो, तिथे कल्पना. शब्दांसाठी क्वेबेकचं अलोप्रॉफ हे मोफत संकेतस्थळ चांगलं आहे, आम्ही त्यावरचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहायचो आणि मुलगी निवेदन करायची. पुढे इंग्रजीत गणित घ्यावं लागलं तर काय, ही काळजीही नको. न्यूमेराटर, डिनॉमिनेटर, डेसिमल, पर्सेंटेज यांची फ्रेंच रूपं जवळजवळ तीच आहेत.

हलवण्याचा विचार मी एकाच परिस्थितीत करेन: त्याला मराठीतही पाव-पाऊण तोंडी समजत नाही, आणि गणिताबाहेर फ्रेंच वाचनही रेंगाळतंय, असं दोन्ही एकत्र असेल तर. तेव्हाही आधी मादामना भेटा. भेटीला जाताना चाचणीचे कागद बरोबर न्या आणि एकच विचारा, की आकडा फळ्यावर लिहून दिला तर याला येतो का, की तोंडी सांगितल्यावरच चुकतो. आमच्या मादामनी त्यानंतर तोंडी आकडे दोनदा सांगायला सुरुवात केली, एकदा 'व्हिर्ग्यूल' म्हणून आणि एकदा 'सांतिएम' म्हणून, आणि ते सगळ्या वर्गासाठी केलं.