कोलमनचे १९४९ चे गोल १०० की कमी? (आणि त्या पत्रव्यवहाराचा नाद सोडा)

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या एसेंडन क्लबच्या जॉन कोलमनचे १९४९ चे गोल एका यादीत १००, दुसरीत कमी, आणि ज्या कार्यालयाला विचारलं ते महिनोन्‌महिने गप्प. ही तक्रार मांडणारी तुमची पोस्ट वाचून हसू आलं, कारण मीही याच चक्रातून गेलोय.

आकड्यांचं कोडं सोपं आहे. फायनल्स, म्हणजे साखळीनंतरचे विजेतेपदाचे सामने, धरले तर १००. शंभरावा गोल कार्लटन क्लबविरुद्धच्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यातच झाला. त्याच्या नावाचं पदक १९८१ पासून देतात, ते मात्र फक्त साखळी सामन्यांतल्या गोलांवर. त्या हिशोबाने केलेली यादी कमीच दाखवणार.

आता कार्यालय. नाव घेत नाही, आज तिथे भली माणसं असतीलही. आधी ठरावीक फॉर्म, मग आगाऊ फी, फी भरल्यावर ‘हे आमच्या विभागात येत नाही’. इतकं करून शेवटी हातात आला एक छापील तक्ता: कारकिर्दीत ९८ सामने, ५३७ गोल. अहो, हे तर कुठेही मिळतं! मला हवं होतं १९५१. त्या वर्षी फक्त ७५ गोल दिसतात आणि तक्ता बघून कुणालाही वाटेल, गडी ढेपाळला. तसं काही नाही. शेवटच्या साखळी सामन्यात कार्लटनच्या हॅरी कॅस्परशी हाणामारी झाली आणि ट्रायब्युनलने, म्हणजे लीगच्या शिस्त समितीने, दोघांनाही चार-चार आठवडे बाहेर बसवलं. फायनल्स हुकल्या. एसेंडन जिलाँगकडून ग्रँड फायनल हरलं ते ११ गुणांनी. एक गोल सहा गुणांचा, तुम्हीच हिशोब करा. मी तरी एसेंडनवाल्यांच्याच बाजूने, त्यामुळे माझं मत थोडं बाजूला ठेवून वाचा.

म्हणून सांगतो, तक्त्यावरून लिहू नका. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन संग्रहावर ‘द आर्गस’ या मेलबर्नच्या दैनिकाचे जुने अंक फुकट आहेत. सप्टेंबर १९५१ चा पहिला आठवडा उघडा आणि रोजच्या बातम्या ओळीने वाचा. नावाने शोधून सगळं सापडत नाही, स्कॅनमधली अक्षरं बिघडलेली असतात. तारीख टाकून पानं चाळणंच बरं.

१९५४ साठीही हेच. फिट्झरॉयविरुद्ध १४ गोल, आणि पुढच्याच आठवड्यात नॉर्थ मेलबर्नविरुद्ध गुडघा गेला. वय २५, खेळ संपला. लेख तिथेच संपवतात बरेच जण. मला ते पटत नाही. याच माणसाने प्रशिक्षक म्हणून एसेंडनला १९६२ आणि १९६५ ची विजेतेपदं मिळवून दिली.

जाता जाता: १९५५ पूर्वी काढलेल्या फोटोंवरचा कॉपीराइट ऑस्ट्रेलियात संपलाय, असं माझं वाचन. मी वकील नाही, छापण्याआधी खात्री करून घ्या. आणि फी भरली असेल तर पावती जपून ठेवा, परत मागता येते का बघा. मला नाही मिळाली.