लाल वर्तुळ आणि भाऊजी

"सर, म्युच्युअल फंड नऊ आहेत, पण सगळ्यांत माल एकच भरलाय. आम्हाला फसवलंय का?"

खुर्चीत बसायच्या आधीच ताईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर दोन वर्तुळं एकमेकांवर चढलेली, मधला भाग लालभडक आणि त्यात आकडा : ६४ टक्के.

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत हा प्रश्न हल्ली बरेचदा येतो. घरातल्या पैशांवरून उठणारी भांडणं आणि भीती हे माझं काम. कोणता फंड घ्यावा ते मी सांगत नाही, त्यासाठी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी असलेले सल्लागार आहेत. पण लाल रंग बघून उडालेली झोप माझ्याच खात्यात येते.

ताई इंदिरानगरच्या एका शाळेत शिकवतात, मिस्टर खासगी बँकेत अधिकारी. दरमहा १८ हजारांची एसआयपी, म्हणजे फंडांचे ठरलेले हप्ते. रविवारी सहज म्हणून दोन फंडांतले शेअर ताडून दाखवणाऱ्या एका साइटवर नावं टाकली आणि हे निघालं. धाकटे दीर म्युच्युअल फंडाचे वितरक आहेत. फंड त्यांनीच गळ्यात मारले, अशी ताईंची खात्री. चार दिवस भाऊजींचा फोन उचलला नव्हता, आणि गणपती तोंडावर आलेले.

आधी ६४ म्हणजे काय ते कागदावर मांडलं. एका फंडात एखादा शेअर ८ टक्के असेल आणि दुसऱ्यात ५, तर त्यातला लहान आकडा, म्हणजे ५, धरायचा. असं प्रत्येक सामाईक शेअरचं करून बेरीज घ्यायची. साइट एवढंच करते. तेही फंडांनी महिनाअखेरीला जाहीर केलेल्या यादीवरून, म्हणजे आकडा आजचा नसतो.

ताईंनी ताडलेले दोन्ही फंड लार्ज कॅप होते. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार अशा फंडाने किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्यानं पहिल्या १०० कंपन्यांतच ठेवायचा असतो. शंभर घरांच्या गल्लीत दोघे भाजीवाले फिरले तर गिऱ्हाइकं तीच भेटणार. यात लबाडी नाही. पण एकाच गल्लीत दोन भाजीवाले कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

मी त्यांना गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची आठवण करून दिली. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, यावरून आपण नाशिककर पूर मोजतो. पाणी कुठून आलं, ते मारुती सांगत नाही.

ते शोधायला सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट मागवलं. नोंदवलेला ईमेल दिला की ते पीडीएफ येतं, पासवर्ड आपणच ठरवायचा. (काही साइट हीच फाइल पासवर्डसकट मागतात. तिच्यात पॅन, फोलिओ, मोबाइल सगळं असतं. दोन फंड ताडायला नुसती नावं पुरतात. ताईंनी नावंच टाकली होती, हे छान केलं.) या स्टेटमेंटमध्ये प्रत्येक फोलिओपाशी, म्हणजे फंडातल्या खात्यापाशी, वितरकाचा एआरएन हा नोंदणी क्रमांक असतो, थेट घेतलेला असेल तर तिथं 'डायरेक्ट' लिहिलेलं असतं. पेन्सिल घेऊन बसलो.

भाऊजींचा क्रमांक निघाला दोन फंडांवर. फक्त दोन.

तीन फंड डायरेक्ट, तिन्ही ईएलएसएस म्हणजे कर वाचवायचे, आणि तिन्हींची पहिली खरेदी मार्चमधली. शाळेच्या क्लार्कनं कर वाचवल्याचे पुरावे मागितले की ताई ॲपवर वर दिसेल तो फंड घ्यायच्या. उरलेल्या चारांवर क्रमांक होता मिस्टरांच्याच बँकेचा. ताई बराच वेळ त्या चार ओळींकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांचं टार्गेट." लाल वर्तुळातला दुसरा लार्ज कॅप त्या चारांतलाच होता. पहिला भाऊजींचा, दोन वर्षं आधी घेतलेला.

भाऊजी अगदीच धुतल्या तांदळासारखे आहेत, असंही नाही. वितरकामार्फत घेतलेल्या, म्हणजे रेग्युलर प्लॅनमध्ये वितरकाला दरवर्षी कमिशन मिळतं आणि ते फंडाच्या खर्चातूनच, म्हणजे आपल्याच पैशातून जातं. हे त्यांनी वहिनींना कधी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

"मग सगळं विकून एकच फंड घेऊ?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. नवा हप्ता थांबवणं वेगळं आणि असलेली युनिट विकणं वेगळं. एकाच जातीच्या दोनपैकी एकाचा हप्ता बंद करायला कर लागत नाही. विकताना लागतो : वर्षावर ठेवलेल्या इक्विटी फंडांचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला तर वरच्या रकमेवर १२.५ टक्के, वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के. ईएलएसएसचा तर प्रत्येक हप्ता आपापली ३ वर्षं अडकलेला. रागाच्या भरात विकायची ही गोष्ट नाही.

उठता उठता मी सहज विचारलं, "या नवांखेरीज काही?" तर म्हणे, मिस्टरांना बँकेकडून मिळालेले शेअर आहेत, डिमॅटमध्ये, नऊ लाखांचे. फंडांची एकूण रक्कम तेरा लाख.

साइटला हे कुठून दिसणार? आपण भरू तेवढंच तिला दिसतं. निफ्टी ५० या मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातच साधारण एक तृतीयांश वजन बँका आणि वित्त कंपन्यांचं, त्यामुळे लार्ज कॅप फंडांतही त्या असणारच. वर नऊ लाख एकाच बँकेत. आणि घरातला मोठा पगार त्याच बँकेतून. उद्या तिथं काही बिनसलं तर पगार आणि पुंजी एकदमच हलणार. ६४ टक्क्यांपेक्षा मला याचीच जास्त धास्ती वाटली, आणि यावर कुठंही लाल रंग नव्हता.

पुढच्या वेळी मिस्टर आले. चार फंडांचे हप्ते थांबवायला लगेच तयार झाले, जरा ओशाळूनच. शेअरचा विषय काढला तर म्हणाले, "सर, बावीस वर्षं काढलीत त्या बँकेत. ते नाही विकायचे." मी ताणलं नाही. घरच्या वहीत फंडांखाली शेअरची एक ओळ लिहायची आणि नवे शेअर मिळाले की त्यातला काही भाग विकायचा, इतकं कबूल करून घेतलं.

भाऊजींना ताईंनी फोन माझ्यासमोरच लावला. वर्तुळाचं अवाक्षर काढलं नाही. "गणपतीला किती दिवस आधी येताय?" एवढंच विचारलं. कमिशनचं मात्र विसर्जनानंतर विचारणार आहेत म्हणे.