कपाटातल्या डीव्हीडी टॅबवर आणताना : वाचकांचे प्रश्न

डीव्हीडी प्लेअर बंद पडला आहे, नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची सोयच नाही आणि लग्नामुंजींच्या व नाटकांच्या डीव्हीडी तशाच पडून आहेत, अशा आशयाची पत्रे बरीच आली. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक संगणक उपलब्ध आहे, असे गृहीत धरले आहे.

प्रश्न : आमच्या लग्नाच्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये पाच तुकडे आहेत. ते टॅबवर टाकले, तर काही चालतच नाहीत आणि जे चालतात त्यांत मंगलाष्टके मध्येच तुटतात. सलग चित्रीकरण कसे मिळेल? (सातारा)

उत्तर : हे तुकडे म्हणजे डीव्हीडीवरील चित्र व आवाज साठवणाऱ्या व्हीओबी प्रकारच्या फाइली. डीव्हीडीच्या नियमानुसार अशी कोणतीही फाइल १ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. त्यामुळे चित्रीकरण सलग असले तरी मर्यादा आली की तेथे फाइल तोडली जाते, मग मंगलाष्टकांचे दुसरे कडवे चालू असो वा तिसरे. म्हणून हे तुकडे एकेक करून रूपांतरित करू नयेत. प्रथम संपूर्ण डिस्कची आयएसओ प्रत, म्हणजे सगळी डिस्क जशीच्या तशी एकाच फाइलमध्ये, हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती तशीच जपून ठेवावी, कारण रूपांतरात दर वेळी थोडा दर्जा जातोच आणि पुढेमागे पुन्हा रूपांतर करायची वेळ आली तर ते या मूळ प्रतीवरूनच व्हायला हवे. त्यानंतर ‘हँडब्रेक’ या मोफत प्रणालीत ती आयएसओ उघडावी. डिस्कवरील टायटलांची, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांची, यादी वेळेसह दिसते. लग्नाच्या डीव्हीडीत पहिले टायटल बहुधा गुलाबाच्या पाकळ्या आणि स्टुडिओचा फोन नंबर एवढ्यापुरतेच असते, ते सोडून सर्वांत लांब टायटल निवडावे. हळद, विधी आणि स्वागत समारंभ अशी वेगवेगळी टायटले असल्यास प्रत्येकाची स्वतंत्र फाइल करावी. फाइलचा प्रकार एमपी४, चित्रासाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी निवडावे. एच.२६५ मध्ये जागा कमी लागते हे खरे, परंतु जुन्या टॅबला ते झेपत नाही आणि चित्र अडखळते.

प्रश्न : रूपांतर झाले, पण वरातीत नाचणाऱ्यांच्या हातापायांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. डिस्क खराब झाली आहे का? (पुणे)

उत्तर : डिस्क ठीक आहे. आपल्याकडील लग्नांचे त्या काळचे चित्रीकरण पाल या टीव्ही-चित्र पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर होत असे. त्यात सेकंदाला २५ चौकटी असतात, परंतु प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चौकटींची बनलेली असते : एकीत विषम ओळी, दुसरीत सम, आणि दोन्हींच्या क्षणांत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे अंतर. जुना काचेचा टीव्ही या अर्ध्या चौकटी एकामागून एक दाखवत असल्याने डोळ्याला काही खटकत नसे. टॅबचा पडदा मात्र दोन्ही एकदम दाखवतो आणि तेवढ्या वेळात हात पुढे सरकलेला असल्यामुळे कडा फाटलेली दिसते. नवरा-नवरी स्तब्ध बसलेल्या दृश्यांत रेघा दिसत नाहीत, त्याचे कारण हेच.

हँडब्रेकमधील फिल्टरांच्या पानावर डीइंटरलेसचा, म्हणजे या अर्ध्या चौकटी वेगळ्या हाताळून रेघा घालवण्याचा, पर्याय सुरू करावा आणि त्यात ‘बॉब’ निवडून फ्रेम रेट ५० ठेवावा. मग प्रत्येक अर्ध्या चौकटीपासून एक पूर्ण चौकट तयार होते आणि हालचाल मूळच्या इतकीच सहज राहते. वेळ व जागा दोन्ही थोडी अधिक लागतात, परंतु वरात आणि लेझीम यांच्यासाठी ती द्यावी, असे माझे मत आहे. एकदा रेघांसकट रूपांतर केलेली फाइल नंतर दुरुस्त करणे कठीण असते, म्हणून आयएसओपासूनच पुन्हा सुरुवात करावी.

प्रश्न : चित्र उत्तम यावे म्हणून १०८० निवडले, तर फाइल प्रचंड झाली आणि चेहरे धूसरच राहिले. योग्य सेटिंग कोणते? (नागपूर)

उत्तर : पाल डीव्हीडीवर चित्र असते ७२० बाय ५७६ बिंदूंचे. ते ताणून १९२० बाय १०८० केले, तर बिंदू वाढतात, तपशील वाढत नाही. आकार मूळचाच ठेवावा आणि ‘कॉन्स्टंट क्वालिटी’चा आकडा १८ ते २२ यांच्या दरम्यान ठेवावा. आकडा जितका लहान, तितका दर्जा अधिक आणि फाइल मोठी. मी २० ने सुरुवात करतो. अंधाऱ्या मांडवात घेतलेले दाणेदार चित्रीकरण त्याच आकड्यावर जास्त जागा खाते, त्याला इलाज नाही. चेहरे उभट किंवा पसरट दिसत असतील तर ॲनामॉर्फिकचा पर्याय स्वयंचलित ठेवावा, कारण डीव्हीडीवरील बिंदू चौरस नसतात. तेच ७२० बाय ५७६ चे चित्र जुन्या टीव्हीच्या आकारात ७६८ इतके आणि रुंद पडद्यावर १०२४ इतके रुंद दिसणे अपेक्षित असते.

प्रश्न : दादरहून नाटकांच्या डीव्हीडी आणल्या. काही व्यवस्थित रूपांतरित झाल्या, एकीत मात्र केवळ हिरवे-गुलाबी चौकोन उमटतात. रीजनची अडचण आहे का? (न्यू जर्सी)

उत्तर : रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी हे ठरवणारा क्रमांक. भारताचा रीजन ५ आणि अमेरिकेचा १ असला, तरी रीजनच्या अडचणीत बहुधा ड्राइव्ह डिस्क वाचायलाच नकार देतो. असे चौकोन दिसणे हे डिस्कला सीएसएस हे नक्कल रोखणारे सांकेतिक कुलूप असल्याचे लक्षण आहे. हँडब्रेक ते उघडत नाही आणि ते उघडण्याची युक्ती मीही येथे देणार नाही : अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्याने असे कुलूप तोडण्याला मनाई आहे, तर भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५अ या विषयाशी संबंधित आहे. तेच नाटक निर्मात्याने अधिकृतपणे ऑनलाइन उपलब्ध केले आहे का, ते आधी पाहावे. ड्राइव्हचा रीजन बदलण्याचा विचार असल्यास तो साधारणपणे पाच वेळाच बदलता येतो आणि शेवटी निवडलेला कायम राहतो, हे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : मुंजीची डीव्हीडी अर्ध्यावर अडकते. काही करता येईल का? (रत्नागिरी)

उत्तर : मऊ, किंचित ओल्या सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल पुसू नये. मग दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा वाचतो, असे पुष्कळदा घडते. तरीही अडकल्यास ‘डीडीरेस्क्यू’ ही खराब डिस्कवरून माहिती उतरवणारी प्रणाली वापरावी. ती वाचता येणारा भाग आधी उतरवून घेते आणि अडलेल्या जागांकडे नंतर पुन्हा वळते. घरी बर्न केलेल्या डिस्कचा रंगथर उन्हाने व दमट हवेने कालांतराने खराब होतो, त्यामुळे कोकणात हे काम पुढील पावसाळ्यावर ढकलू नये.