मानेत परत गाठ आली, आता कोणतं रेडिएशन घ्यावं?

तुम्ही विचारलंय की बाबांचं जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि 30 सिटिंग होऊन दोन वर्षं झाली, आता मानेत गाठ परत आली. एक डॉक्टर आयएमआरटी म्हणतात, दुसरे एसबीआरटी, आणि मुंबईचे पाहुणे म्हणतात प्रोटॉनच घ्या. तिन्ही रेडिएशन द्यायच्याच पद्धती आहेत.

मी बेळगाव भागातच रेडिएशनच्या मशीनवर टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण माझ्या मते मशीन नंतर, आधी जुनी फाईल. 30 सिटिंग म्हणजे बहुतेक 60 ग्रे डोस (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप). त्यातला मज्जारज्जूला किती गेला, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला किती, जबड्याला किती, हे बघूनच नवा डोस ठरतो. मज्जारज्जू साधारण 45 ते 50 ग्रे सोसतो. काळ जाईल तसा तो थोडा सावरतो, पूर्ण नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसता एकूण डोस असतो; तुम्हाला हवाय तो पूर्ण प्लॅन, सीडीवर, डायकॉम फॉर्मॅटमध्ये, म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवरही उघडेल असा. रेडिएशन विभागात डोसचा हिशोब करणारे फिजिसिस्ट असतात, त्यांच्याकडं मागा. आपल्याकडं ही रड नेहमीचीच: पहिला इलाज मिरज-कोल्हापूरला, दुसरा बेळगाव-हुबळीला, फाईल हद्दीच्या पलीकडं आणि पेशंट अलीकडं.

दुसरं, सर्जनला दाखवलंत का? गाठ पूर्ण निघत असेल तर परत आलेल्या कॅन्सरला ऑपरेशनच पहिलं. त्यानंतर पुन्हा रेडिएशन दिलं तर त्या जागी गाठ येण्याचं प्रमाण घटतं, पण आयुष्य वाढतंच असं दिसलेलं नाही, आणि त्रास तर वाढतोच. म्हणून ते सरसकट देत नाहीत. आधीच्या रेडिएशनला दोन वर्षं उलटलीत, ही मात्र तुमच्या बाजूची गोष्ट.

ऑपरेशन जमणार नसेल तर मग मशीनचा विचार. आयएमआरटीत किरण गाठीच्या आकाराप्रमाणं बेततात; बाकी पहिल्यासारखंच, रोज थोडा डोस, सहा-एक आठवडे. गाठ मोठी किंवा पसरलेली असेल तर बहुधा हेच. एसबीआरटीत दर वेळी मोठा डोस, म्हणून पाचच सिटिंग, तीही एक दिवस आड, एकूण 35 ते 44 ग्रे. चिक्कोडी-अथणीहून रोज एसटीनं येणाऱ्याला हे बरं वाटतं, आणि गाठ लहान असेल, साधारण 25 घन सेंटिमीटरच्या आत, तर ते चांगलंही आहे. पण गाठीनं मानेतल्या रक्तवाहिनीला अर्ध्याहून जास्त वेढा घातला असेल, किंवा वरची कातडी उघडी पडली असेल, तर ती वाहिनी फुटायची भीती असते. तसं सगळ्यांना होत नाही, पण झालं तर जीव वाचणं अवघड. एमआरआय पुढ्यात ठेवून डॉक्टरांना एवढंच विचारा: वेढा किती आहे?

आणखी एक मार्ग ब्रेकीथेरपीचा: त्यात मानेत बारीक नळ्या घालून त्यातून इरिडियम या किरण सोडणाऱ्या धातूचा कण फिरवतात. बाहेरच्या भागाला डोस कमी जातो. हात बसलेला डॉक्टर असेल तरच करा.

प्रोटॉनचा किरण गाठीपाशी थांबतो, पलीकडं जवळजवळ जात नाही, म्हणून दुसऱ्यांदा देताना त्याचा फायदा असू शकतो. चेन्नईत 2019 पासून आणि खारघरला टाटाच्या केंद्रात 2023 पासून ही सोय आहे. पण वाहिनी गाठीतच अडकली असेल तर प्रोटॉनलाही ती वाचवता येत नाही. पाहुणे सांगतात म्हणून शेत विकू नका. जुना प्लॅन घेऊन एकदा मत घ्या, आयुष्मान कार्ड चालतं का तेही विचारा.

काहीही ठरलं तरी आधी दातांच्या डॉक्टरांकडं जा. दोनदा रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम न भरण्याची, हाड सडण्याची भीती असते. रेडिएशन घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवतात तो जुना मास्कही चालणार नाही. बाबा वाळले असतील, चेहरा आत हलतो. नवा करून घ्यावा लागेल. आणि मानेवरच्या ड्रेसिंगला ताजं लाल रक्त दिसलं, थोडंसंच का असेना, तर सकाळची वाट बघू नका. जागा दाबून धरा आणि थेट कॅज्युअल्टी गाठा.