लहान मुलाकडून दयाळूपणाबद्दल काही शिकलात का? ख्रिस्ती म्हणून त्याकडे कसं बघता?

शिकले, तेही एसटीत, आणि शिकायचा अजिबात मूड नसताना.

मागच्या नाताळची गोष्ट. २४ डिसेंबरला पुण्याहून, वाकडेवाडी स्टँडवरून नगरला माहेरी निघालो होतो (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं). बायकांना सवलत म्हणून माझं अर्धं तिकीट, पोरगा साडेचार वर्षांचा म्हणून त्याचं तिकीटच नाही, पण खिडकी मात्र त्याने रडून-भांडून मिळवलेली. शिक्रापूर गेलं आणि पलीकडच्या सीटवर आजीसोबत बसलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला बस लागली. आजीकडे एकच कॅरीबॅग होती, ती भरली. लोकांनी नाकाला रुमाल लावले, कंडक्टर म्हणाला खाली सांडू देऊ नका, आणि मी काय केलं तर पायाशी ठेवलेली करंज्यांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मनात म्हटलं, प्रभू त्या लेकराला बरं कर. जागची हलले नाही पण प्रार्थना केली!

पोरगा म्हणाला, "आई, तिला खिडकी पाहिजे." मी म्हटलं अरे ही आपली जागा आहे. तर म्हणे, "मग मी तुझ्या मांडीवर," आणि उतरलासुद्धा सीटवरून. मग काय, करंज्या परत खाली, पोरगा मांडीवर आणि ती मुलगी खिडकीशी. केस कपाळाला चिकटलेले, हात गार पडलेला, वास तर होताच. ह्याने आपली हत्तीच्या चित्राची बाटली, जिला चुलत भावंडांना हात लावू देत नाही, ती तिच्या हातात दिली आणि सुपा येईपर्यंत दर दोन मिनिटांनी विचारत होता, "अजून येतंय का?" यात दया किती आणि कुतूहल किती ते प्रभूलाच ठाऊक.

गंमत अशी की आठ वर्षं झाली मी संडेस्कूलला शिकवतेय आणि चांगल्या शोमरोन्याचा धडा माझा हातखंडा आहे (येशूची गोष्ट: लुटारूंनी जखमी करून टाकलेल्या माणसाला एक याजक आणि एक लेवी टाळून जातात, आणि परका समजला जाणारा शोमरोनी मदत करतो). मी विचारते "माझा शेजारी कोण?" आणि पोरं ओरडतात "सगळेऽऽ!" पण बायबलमधलं लूक १० नीट वाचलं तर तो प्रश्न एका शास्त्र्याचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराचा आहे, येशूने तो उलटा करून परत दिलाय, की त्या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? म्हणजे शेजारी कोण आहे ते शोधत बसायचं नाही, आपण व्हायचं. याजक (पुरोहित) आणि लेवी (मंदिराचा सेवक) बघून पलीकडून निघून गेले, मला तर पलीकडे जायचीही गरज नव्हती, पिशवी उचलली की झालं. माझ्या डोक्यात हिशोब चालू होता, नवी साडी, उद्याची उपासना, आपल्यालाही मळमळलं तर. पोराच्या डोक्यात एवढंच, की तिला हवा पाहिजे आणि खिडकी माझ्याकडे आहे.

आता लोक लगेच बायबलमधलं मत्तय १८ काढतात, बालकांसारखे व्हा वगैरे. पण तिथे शिष्यांनी विचारलंय स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, आणि उत्तर आहे नम्रतेबद्दल, मुलं जन्मतःच गोड असतात असं काही तिथे लिहिलेलं नाही. आणि नसतातच हो. ह्याच देवदूताने दुसऱ्या दिवशी चर्चहून आल्यावर एका खेळण्यातल्या गाडीवरून मामेभावाच्या दंडाला कडकडून चावा घेतला, दात उमटले होते. त्यामुळे माझा मुलगा फार दयाळू आहे असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी तो माझ्याआधी हलला इतकंच.

नगर स्टँडवर आजीने त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि बाटली परत दिली. घरी गेल्यावर ती मी गरम पाण्याने दोनदा धुतली, त्याला दिसणार नाही अशी.