संगणक सल्ला : वायफाय जोडलेलं, पण इंटरनेट नाही

प्रश्न : विंडोज ११ असलेल्या लॅपटॉपवरून व्हीपीएन काढून टाकलं. तेव्हापासून वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही. त्याच वायफायवर मोबाइल नीट चालतो. फॉरमॅट करावं लागेल का?

उत्तर : नाही. मोबाइल चालतोय म्हणजे राउटर ठीक आहे. व्हीपीएन (इंटरनेटची वाट दुसऱ्या सर्व्हरवरून वळवणारं सॉफ्टवेअर) जाताना काहीतरी मागे ठेवून गेलं असावं. कमांड प्रॉम्प्ट उघडून ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे ping 8.8.8.8 टाइप करून तो उत्तर देतो का ते पाहा. रिप्लाय आला तर बाहेरची वाट मोकळी आहे. मग एखाद्या साइटच्या नावाने पिंग करा. काही साइट पिंगला उत्तरच देत नाहीत, पण नावाशेजारी आयपी पत्ता दिसला तरी पुरे. तोही नसेल तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये वायफायवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. आयपीव्ही४ मध्ये व्हीपीएनने भरलेला डीएनएस तसाच राहिलेला असू शकतो. तिथे ‘ऑटोमॅटिकली’ निवडा. याच खिडकीतल्या यादीत व्हीपीएनच्या नावाची एखादी ओळ उरली असेल तर तिची टिकही काढा.

नावाने पत्ता मिळतो, तरी ब्राउझर ढिम्म? मग सेटिंग्जमधलं प्रॉक्सीचं (ब्राउझर ज्याच्यामार्फत इंटरनेटवर जातो त्या मध्यस्थाचं) पान बघा. तिथे १२७.०.०.१ असेल तर चोर सापडला. हा तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता; तिथे ऐकत बसणारं सॉफ्टवेअर तुम्ही काढलंय आणि ब्राउझर अजून तेच दार ठोठावतोय. प्रॉक्सी बंद करा.

पहिलाच पिंग फसला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig टाइप करून लॅपटॉपचा आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. कशानेच भागलं नाही तर सेटिंग्जमधून नेटवर्क रीसेट, म्हणजे नेटवर्कची सगळी मांडणी मूळपदावर आणणं. मात्र त्यात साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, तेव्हा आधी लिहून ठेवा.

प्रश्न : प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण लॅन केबलवर वेग ९५च्या वर जात नाही.

उत्तर : बहुधा केबल. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही. एखादी तुटली की नेटवर्क कार्ड मुकाट्याने १०० वर उतरतं. अ‍ॅडॉप्टरच्या स्टेटसमध्ये १०० दिसत असेल तर केबल बदलून कॅट ५ई प्रकारची लावून बघा. तरीही १००च राहिलं तर राउटरचं पोर्ट तपासा. स्वस्त राउटरची पोर्ट मुळातच १००ची असतात. ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हाताने १ गिगाबिटवर बसवू नका, ऑटोवरच असू द्या.